भारी पानं, लहान पॉट: हेड्स-अप पोकरचं एक कोडं

पोकरची अंतिम लढत पडद्यावर बघताना एक प्रसंग हमखास येतो. टेबलावर दोघंच उरलेले असतात. कॅमेरा एकाची झाकलेली पानं दाखवतो आणि ती इतकी भारी असतात की हा हरणं जवळपास अशक्य. आपण सरसावून बसतो. तो मात्र टेबलावर दोन बोटं टकटक वाजवतो आणि एकही चिप (पैशांऐवजी वापरायची चकती) पुढे करत नाही. समालोचक वाहवा करतात. चार डावांनंतर दुसऱ्याला तशीच पानं येतात. तो लगेच चिप्सचा ढीग पुढे सारतो, आणि समालोचक त्याचीही वाहवा करतात.

नवख्याला साहजिकच वाटतं, दोन्ही बरोबर कसं? पानं भारी असली की लपवायची की दाखवायची?

## आधी टेबलाची ओळख

दोनच खेळाडूंमधल्या खेळाला हेड्स-अप म्हणतात. इथे आपण टेक्सस होल्डेम या प्रकाराबद्दल बोलतोय. प्रत्येकाला दोन पानं झाकून मिळतात. मग टेबलावर पाच पानं उघडी पडतात: आधी तीन एकदम (फ्लॉप), मग एक (टर्न), मग शेवटचं एक (रिव्हर). सातांतली सर्वोत्तम पाच पानं म्हणजे तुमचा हात. उघडी पानं पडण्याआधी एकदा आणि नंतर प्रत्येक टप्प्यावर एकदा, अशा बोलीच्या चार फेऱ्या होतात. मध्ये साठत जाणारी रक्कम म्हणजे पॉट. काहीही न लावता पाळी पुढे देणं म्हणजे चेक, पैसे लावणं म्हणजे बेट, तेवढेच भरणं म्हणजे कॉल, वाढवणं म्हणजे रेज, पानं टाकून देणं म्हणजे फोल्ड.

डाव सुरू व्हायच्या आधी दोघांनाही थोड्या चिप्स सक्तीने टाकाव्या लागतात. त्यांना ब्लाइंड म्हणतात. डीलरची जागा डावागणिक बदलते. हेड्स-अपमध्ये डीलर लहान ब्लाइंड टाकतो, फ्लॉपआधी पहिला बोलतो आणि फ्लॉपनंतरच्या प्रत्येक फेरीत शेवटी बोलतो. शेवटी बोलणं हा मोठा फायदा आहे. तो का, ते पुढे येईलच.

## ‘भारी’ म्हणजे नक्की किती भारी?

दोन एक्के २२१ डावांत सरासरी एकदाच येतात. त्यांची वाट बघत बसलात तर तोवर ब्लाइंड भरून भरूनच कफल्लक व्हाल, कारण इथे दर डावाला काही ना काही भरावंच लागतं. त्यामुळे दोघांच्या खेळात ‘भारी’ची व्याख्याच खाली येते.

हेच दोन एक्के आठ जणांविरुद्ध शेवटपर्यंत नेले तर साधारण ३५ टक्के वेळा जिंकतात. एकाच, कुठलीही पानं धरलेल्या माणसाविरुद्ध तेच ८५ टक्क्यांवर जातात. फ्लॉपचंही तसंच. हातात जोडी नसलेल्या खेळाडूची फ्लॉपवर निदान एक जोडी जुळते ती तीनांतून एकदाच. म्हणजे समोरचा बहुतेक वेळा मोकळ्या हातानेच बसलेला असतो. नऊ जणांच्या टेबलावर फ्लॉपवरच्या सर्वांत मोठ्या पानाची जोडी लागली तर जाणकार जपून पावलं टाकतो. हेड्स-अपमध्ये तीच जोडी बऱ्याचदा छाती काढून खेळण्यासारखी असते.

आणि इथेच पेच आहे. समोरचा बहुतेक वेळा मोकळा असेल, तर तुमच्या भारी पानांना पैसे देणार कोण?

## सापळ्याचा मोह

या प्रश्नावर बहुतेकांना सुचणारं पहिलं उत्तर म्हणजे सापळा. भारी पानं असूनही चेक किंवा नुसता कॉल करत कमजोर असल्याचं सोंग आणायचं. याला स्लो-प्ले म्हणतात. ‘बेट केली की तो पळून जातो’ हे त्यामागचं कारण, आणि ते अर्धं खरंही आहे.

उरलेलं अर्धं कळायला पॉट कसा वाढतो ते बघावं लागतं. ब्लाइंड १ आणि २ चिप्सचे आहेत, दोघांकडे प्रत्येकी २०० चिप्स आहेत असं धरा. फ्लॉपआधी तुम्ही बोली ६ वर नेली, समोरच्याने कॉल केला. पॉट झाला १२, मागे उरल्या १९४. आता फ्लॉप, टर्न आणि रिव्हर या तिन्ही वेळी तुम्ही पॉटएवढी बेट केलीत आणि तो कॉल करत गेला, तर बेट होतात १२, मग ३६, मग १०८. एकूण १५६ चिप्स त्याच्या खिशातून आल्या.

आता फ्लॉपवर सापळा लावून चेक केलात. तोही चेक करतो. टर्न आणि रिव्हरला पॉटएवढ्या बेट केल्या, तर त्या होतात १२ आणि ३६. एकूण ४८.

किती गमावल्या? फ्लॉपवर चेक करताना वाटतं की १२ चिप्सची बेट सोडली, त्यात काय एवढं. पण हिशेबातून गळली ती १०८ ची. पॉट चक्रवाढ व्याजासारखा वाढतो. तीस वर्षांच्या ठेवीतलं एक वर्ष कमी केलं तर पहिल्या वर्षाचं किरकोळ व्याज जात नाही, शेवटच्या वर्षाचं घसघशीत व्याज जातं. सापळा लावणाऱ्याच्या ध्यानात नेमकी हीच गोष्ट येत नाही, कारण न लागलेली बेट टेबलावर कुठे दिसत नसते.

हेच उलटीकडूनही मोजता येतं. मागे उरलेल्या सगळ्या १९४ चिप्स रिव्हरपर्यंत मध्ये यायला हव्या असतील, तर तिन्ही फेऱ्यांत दर वेळी पॉटच्या सव्वापटीहूनही कमी बेट पुरते. फेऱ्या दोनच उरल्या तर दर वेळी पॉटच्या जवळपास २.४ पट बेट लागते, आणि एवढ्या मोठ्या बेटला साध्या जोडीवाला कॉल करत नाही.

म्हणून ‘पळून जातो’ या आक्षेपावर माझं उत्तर असं: ज्याच्याकडे काहीच नाही तो पळाला तर तुमचं फारसं काही गेलेलं नसतं. त्याच्याकडून मिळालं असतं ते एखाद्या ब्लफपुरतं, म्हणजे रिकाम्या हाताने मारलेल्या थापेपुरतं. ज्याच्याकडे काहीतरी आहे, त्याच्याकडून तीन फेऱ्यांत मिळणारी रक्कम मोठी असते. रिकाम्या हातवाल्याला धरून ठेवायला म्हणून जोडीवाल्याला सवलत देणं हा तोट्याचा सौदा. मीही पुष्कळ काळ हाच सौदा करत होतो. सापळा लावून छोटा पॉट जिंकला तरी आपण किती हुशार असं वाटायचं. गुंगी चढवणारं सुख आहे ते, आणि म्हणूनच महागडं.

## फुकटचं पान

चेकचा दुसरा खर्च म्हणजे समोरच्याला पुढचं पान फुकट दिसतं. समजा फ्लॉपवर अठ्ठी, नव्वी, दश्शी आली, त्यातली दोन पानं बदामाची आहेत आणि तुमच्या हातात दोन अठ्ठ्या आहेत. तीन अठ्ठ्या म्हणजे भारी हात. पण समोरच्याकडे दोन बदाम असतील तर त्याला फ्लश, म्हणजे एकाच रंगाची पाच पानं, पुरी करायला नऊ पानं उरलेली आहेत. त्याला न दिसलेली पानं ४७. म्हणजे पुढच्याच पानावर १९ टक्के शक्यता, पाचांत जवळजवळ एकदा. १२ च्या पॉटमध्ये तुम्ही ६ ची बेट केलीत तर त्याला ६ भरून २४ च्या पॉटवर हक्क सांगायचा आहे, आणि त्यासाठी निदान २५ टक्के शक्यता हवी. म्हणजे तो महागात खरेदी करतोय. (पुढच्या फेऱ्यांत आणखी पैसे मिळतील या आशेवर तो तरीही भरेल. भरू द्या.) तुम्ही चेक केलंत तर तेच पान तो शून्य किमतीत घेऊन जातो.

शिवाय अशा फ्लॉपनंतर याच ओळीत बसणारा गुलाम, सत्ती किंवा कुठलंही बदाम आलं की पैसे द्यायला तयार असलेला जोडीवालाही दचकतो. म्हणजे वाईट पान दोन्हीकडून मारतं: कधी तुम्ही हरता, कधी गिऱ्हाईकच उठून जातं. अशा ‘ओल्या’, म्हणजे पुढच्या एका पानाने चित्र पालटू शकणाऱ्या, फ्लॉपवर सापळा लावू नये, याबद्दल मला तरी शंका नाही.

## सर्वांत भारी हात नेहमी सर्वांत किफायतशीर नसतो

आता दुसऱ्या टोकाचा फ्लॉप घ्या: राजा, सत्ती, दुर्री, तिन्ही वेगवेगळ्या रंगांची. इथे फ्लश किंवा स्ट्रेटची (ओळीने पाच पानांची) भीती जवळपास नाही. तुमच्या हातात दोन सत्त्या असतील तर बाहेर अजून तीन राजे आहेत. समोरच्याकडे ‘राजा आणि राणी’ असण्याचे प्रकार तीन गुणिले चार, म्हणजे १२. राजाची जोडी लागलेला माणूस सहजासहजी फोल्ड करत नाही. म्हणजे तुम्हाला गिऱ्हाईक भरपूर.

पण तुमच्या हातात दोन राजे असतील तर? तेव्हा तीन राजे तुमचेच, बाहेर एकच उरला. ‘राजा आणि राणी’चे प्रकार १२ वरून ४ वर आले. हात आधीपेक्षा भारी, पण पैसे देऊ शकणारी पानं तुम्हीच अडवून ठेवलीत. बेट केली तर समोरचा खरोखरच बहुतेक वेळा पळेल. इथे एखादी फेरी थांबणं शहाणपणाचं असू शकतं: त्याला टर्नवर एखादी जोडी लागू दे, किंवा तुम्ही कमजोर आहात असं वाटून त्याला ब्लफ करावंसं वाटू दे.

तेव्हा ‘माझा हात किती भारी?’ हा प्रश्न एकट्याने अपुरा पडतो. त्याच्या जोडीला विचारायचं ते असं: मला कॉल करतील अशी पानं समोरच्याकडे किती प्रकारे असू शकतात? समोरच्याकडे असू शकणाऱ्या सगळ्या पानांच्या या यादीला खेळाडू रेंज म्हणतात. मुरलेला खेळाडू ‘त्याच्याकडे एक्का आहे’ असं म्हणत नाही. तो मनातल्या मनात यादी करतो आणि दर बेटगणिक तिच्यातली नावं खोडत जातो.

## तीन पानांचा पोकर आणि एक विचित्र उत्तर

१९५० मध्ये हॅरल्ड कून या गणितज्ञाने पोकर अगदी हाडापर्यंत सोलला. दोन खेळाडू, तीनच पानं: गुलाम, राणी, राजा. प्रत्येकाने एक चिप टाकायची, एकेक पान घ्यायचं, तिसरं झाकलेलं राहतं. बेट एकच, तीही एका चिपची, रेज नाही. मोठं पान जिंकतं.

पहिला बोलणारा खेळाडू राजा घेऊन बसलाय. त्याने बेट करावी की चेक? गणिताचं उत्तर असं की वाटेल ते करा. नेहमी बेट करा, कधीच करू नका, अधूनमधून करा, सगळं चालेल. मुख्य अट अशी: राजावर जितक्या वेळा बेट कराल, त्याच्या बरोबर एक तृतीयांश वेळा गुलामावरही करा, म्हणजे ब्लफ.

हे वाचून मी पहिल्यांदा चक्रावलो होतो. कारण सरळ आहे पण दडलेलं आहे. पॉटमध्ये २ चिप्स आहेत, तुम्ही १ ची बेट केली. राणीवाल्याला १ भरून एकूण ४ च्या पॉटवर दावा करायचाय, म्हणजे चारांत एकदा तो बरोबर निघाला तरी बरोबरी होते. तुमच्या बेटमागे तीनदा राजा आणि एकदा गुलाम असेल तर त्याने कॉल केला काय न केला काय, त्याला काहीच फरक पडत नाही. तो कात्रीत सापडतो. तुम्ही फक्त राजावर बेट केलीत तर तो आरामात पानं टाकतो आणि तुमच्या राजाला काही मिळत नाही. फार ब्लफ केलंत तर तो नेहमी कॉल करतो.

म्हणजे भारी पानं कशी खेळायची हे एकट्या भारी पानांवर ठरतच नाही. तुम्ही हलकी पानं कशी खेळता, त्याच्याशी ते बांधलेलं असतं. जो माणूस कधीच थाप मारत नाही त्याच्या भारी पानांना कुणी पैसे देत नाही. आणि जो भारी पानांवर नेहमी चेकच करतो, त्याच्या बेटवर कुणी विश्वास ठेवत नाही.

या छोट्या खेळात अजून एक मर्म आहे. दुसऱ्या खेळाडूला हे स्वातंत्र्य नाही. पहिल्याने चेक केलं आणि दुसऱ्याकडे राजा असेल तर त्याने दर वेळी बेट करायचीच. त्याच्यानंतर कुणी बोलणार नाही, मग सापळा लावणार कुणासाठी? खऱ्या पोकरमध्येही रिव्हरवर शेवटचं बोलायची पाळी तुमची असेल, समोरचा चेक करून बसला असेल आणि तुमचा हात भारी असेल, तर चेक करणं म्हणजे निव्वळ उधळपट्टी. सापळा हा मुख्यतः आधी बोलणाऱ्याचं हत्यार आहे. आधी बोलावं लागणं हेच मुळात तोट्याचं, कूनच्या खेळात तर दर डावाला सरासरी एक अठरांश चिप इतकं. सापळा त्या तोट्याची थोडी भरपाई करतो.

## संगणक काय म्हणतात

जानेवारी २०१५ मध्ये अल्बर्टा विद्यापीठातल्या संशोधकांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात जाहीर केलं की हेड्स-अप लिमिट होल्डेम जवळपास पूर्णपणे सोडवला गेलाय. लिमिट म्हणजे बेटचा आकार आणि एका फेरीतल्या रेजची संख्या ठरलेली असते तो प्रकार. त्यांच्या सेफियस या प्रोग्रामची एक सवय मजेची आहे. डीलर असताना फ्लॉपआधीचं शेवटचं रेज करायची संधी मिळाली, हातात दोन एक्के असले, तरी तो ती १०,००० वेळांत एकदाही घेत नाही, नुसता कॉल करतो. तर्क असा: ते शेवटचं रेज फक्त एक्क्यांवर केलं तर ती दवंडीच ठरेल. नुसत्या कॉलमध्ये एक्के बाकीच्या पानांत मिसळून जातात आणि पुढच्या तिन्ही फेऱ्यांत समोरचा अंधारात राहतो. यातून ‘बघा, संगणकही सापळा लावतो’ असा अर्थ काढायची घाई नको. तोवर दोनदा बोली वाढलेली असते, पॉट भरलेला असतो.

जानेवारी २०१७ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लिब्रेटस या प्रोग्रामने चार व्यावसायिक खेळाडूंना नो-लिमिट हेड्स-अपमध्ये १,२०,००० डावांत हरवलं. नो-लिमिटमध्ये हवी तेवढी बेट करता येते, आणि त्याने ती केलीही: पॉटच्या कितीतरी पट मोठ्या बेट, कधी अतिशय भारी पानांवर तर कधी निव्वळ थापेवर. भारी पानांवर हळू जायचं हा माणसांचा ओढा, तर यंत्राचा कल मोठी बेट करून त्याच आकारात थापा मिसळण्याकडे. कूनचा राजा आणि गुलाम इथेही जोडीनेच फिरतात.

## ‘पण मी यंत्र नाही, आणि समोरचाही नाही’

हा आक्षेप सर्वांत रास्त. वरचा सगळा समतोल चूक न करणाऱ्या प्रतिस्पर्ध्यासाठी आहे. माणसं चुका करतात, आणि हेड्स-अपमध्ये एकाच माणसाविरुद्ध शेकडो डाव खेळल्यावर त्याच्या चुका दिसायला लागतात. समोरचा हट्टाने कॉल करणारा असेल तर समतोल गेला खड्ड्यात. थापा बंद करा, भारी पानांवर मोठ्या बेट करा, सापळे विसरा. कुणी चेक केलं की लगेच झडप घालणारा असेल तर चेक करा आणि त्याला बोलू द्या, तुमचं काम तोच करतोय. भित्रा असेल तर लहान बेट.

आणि शांत, भित्र्या माणसाने रिव्हरवर अचानक मोठं रेज केलं तर तुमची एका जोडीची ‘भारी’ पानं त्या क्षणी हलकी झालेली असतात. दोघांच्या खेळात व्याख्या खाली आली म्हणून ती कायम खालीच राहते असं नाही. अशा वेळी फोल्ड करणं जिवावर येतं, पण माझ्या अनुभवात अशा रेजमागे थाप फार क्वचित निघते.

## ‘मग तो प्रसिद्ध सापळा?’

१९८८ च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेची अंतिम लढत जॉनी चॅन आणि एरिक सायडेल यांच्यात झाली. स्लो-प्लेचं समर्थन करणारा प्रत्येक जण तिच्या शेवटच्या डावाचा दाखला देतो. चॅनकडे गुलाम आणि नव्वी, सायडेलकडे राणी आणि सत्ती. फ्लॉपवर राणी, दश्शी, अठ्ठी आली: चॅनला त्या क्षणी शक्य असलेला सर्वोत्तम हात, स्ट्रेट, आणि सायडेलला सर्वांत मोठ्या पानाची जोडी. टर्नवर दुर्री आली तेव्हा चॅनने चेक केलं. रिव्हरवर छक्की आली, सायडेलने होत्या नव्हत्या त्या सगळ्या चिप्स पुढे सारल्या, चॅनने कॉल केला आणि सलग दुसऱ्या वर्षी विजेतेपद घेतलं.

सगळ्यांच्या लक्षात राहतो तो टर्नवरचा चेक. पण फ्लॉपवर दोघांच्याही चिप्स आधीच मध्ये गेल्या होत्या, म्हणजे चॅनने पहिली फेरी वाया घालवलीच नव्हती. सायडेल चिप्समध्ये मागे होता, त्यामुळे उरलेलं सगळं मध्ये यायला रिव्हरची एकच फेरी पुरेशी होती. दुर्री कुणाच्या कामाची नव्हती. सायडेलकडे खरीखुरी जोडी होती, आणि ती घेऊन तो बेट करायला तयार होता. एवढ्या सगळ्या गोष्टी जुळल्यावर त्याने एक फेरी, फक्त एकच, सोडली.